चिरंजीवांची आरव्ही आणि काळे ओघळ

केटी, टेक्सास
वसुबारसेच्या आधीचा रविवार

ती. आई आणि ती. बाबांस,


पत्र बघून दचकू नका, सगळे खुशाल आहोत. फोन असताना पत्र कशाला, असं बाबा म्हणतील. पण आपला फोन कायम स्पीकरवर असतो आणि स्पीकरच्या शेजारी तुमचे चिरंजीव बसलेले असतात. मी काही सांगायला लागले की दर वाक्याला दुरुस्ती येते. बंद पाकिटात त्याला तोंड घालता येणार नाही, म्हणून हा उद्योग. शिवाय डिसेंबरात तुम्ही दोघं येताय, त्याआधी काही गोष्टी तुमच्या कानावर घातलेल्या बऱ्या.

मुख्य बातमी आधी. मे महिन्यात आम्ही आरव्हीचा, म्हणजे आमच्या चाकांवरच्या घराचा, फोटो पाठवला होता. तुम्ही तो मोठा करून बघितलात आणि विचारलंत, "भिंतीवर ते काळे ओघळ कसले रे? वर काय साठलंय?" मिलिंद हसला आणि म्हणाला, "आई, तो हायवेचा मळ आहे, धुतला की जाईल." फोन ठेवल्यावर मला म्हणाला, "आईला गाड्यांमधलं काय कळतंय!" तर आई, मळ वरूनच येत होता. हे कळायला चिरंजीवांना अख्खा उन्हाळा लागला आणि कळल्यावर त्यांनी ते तुम्हाला सोयीस्करपणे कळवलेलं नाही. ते काम मी करते आहे.

बाबांनी गाडीची माहिती मागितली होती, तीही इथेच देते. लांबी अठ्ठावीस फूट, फोर्डच्या ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली. ड्रायव्हरच्या डोक्यावर पुढे आलेला माळा, त्यात मुलं झोपतात. आत शेगडी, फ्रीज, संडास-बाथरूम, आणि आम्ही चौघं असल्यावर उभं राहायला जागा नाही. लिटरला साडेतीन ते चार किलोमीटर जाते, हे वाक्य बाबांनी बसून वाचावं. बॉडी ॲल्युमिनियमची नाही. बाबांनी दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये ज्या पत्र्यांवर उभी नोकरी काढली तसला पत्रा या गाडीला औषधालासुद्धा नाही. भिंती फायबरग्लासच्या आणि त्यांवर जेलकोट नावाचा चकचकीत थर, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. छत रबराचं. हो, रबराचंच. प्लायवूडवर ईपीडीएम नावाचं पांढरं रबर अंथरून चिकटवतात. हे ऐकून बाबा फोनवर बराच वेळ काही बोललेच नव्हते. नंतर एवढंच विचारलं होतं, "सांधे कशाने भरलेत?" त्याकडे पुढे येते.

गाडी जुनी घेतली, एका निवृत्त जोडप्याकडून. कित्येक वर्षं त्यांच्या अंगणात टेक्सासच्या उन्हात उभी होती. आम्ही बघायला गेलो तेव्हा त्या आजोबांनी नुकतीच धुऊन ठेवली होती, अजून निथळत होती. ओला जेलकोट कितीही म्हातारा असला तरी चमकतो, आई. वाळला की खरं वय दिसतं. घरी आणून उभी केली, वाळली, आणि मी भिंतीवर बोट फिरवलं तर बोटाला पांढरी पूड. ऊन खाऊन खाऊन वरचा थर भुसभुशीत झालेला. मिलिंद म्हणाला, "जुन्या गाडीला असायचंच." पैसे देऊन झालेले होते, त्यामुळे दुसरं काय म्हणणार!

मे महिन्यात आम्ही पेन्साकोलाला गेलो ते तुम्हाला माहीत आहे. आमच्या ह्यूस्टनहून आय-१० महामार्ग धरला की लुइझियाना, मिसिसिपी, अलाबामा ओलांडून तो फ्लोरिडाच्या पश्चिम टोकाला पोचतो, साधारण साडेआठशे किलोमीटर. तिथली वाळू इतकी पांढरी की डोळे दिपतात, आणि उन्हातही पाय भाजत नाहीत. त्या वाळूचे फोटो पाठवलेच. जे पाठवले नाहीत ते गाडीच्या पुढच्या भागाचे.

मे आणि सप्टेंबर हे त्या सगळ्या किनाऱ्यावर लव्हबग नावाच्या माश्यांचे महिने. काळ्या, मानेशी तांबड्या आणि जोडीने उडणाऱ्या. जोडीने म्हणजे अक्षरशः एकमेकांना चिकटून, तासन्‌तास. आर्यने विचारलं, "बाबा, या अशा का उडतात?" बाबा म्हणाला, "मी गाडी चालवतोय." मग त्याने मला विचारलं. मी म्हटलं, "मी नकाशा बघतेय." ईराने दोघांकडे बघून डोळे फिरवले आणि पुस्तकात तोंड घातलं. तिला सगळं माहीत आहे असा मला दाट संशय आहे.

पेट्रोल पंपावर एक गृहस्थ मोठ्या खात्रीने सांगत होते की डास खाण्यासाठी फ्लोरिडाच्या विद्यापीठाने या माश्या प्रयोगशाळेत तयार केल्या आणि त्या हातातून निसटल्या. तसं काही नाही. त्या फुलांतला रस पितात, डासांकडे ढुंकून बघत नाहीत. हार्डी नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने १९४० मध्येच त्यांचं वर्णन करून ठेवलं होतं. १९४९ मध्ये त्या फ्लोरिडात पहिल्यांदा सापडल्या, त्याही नेमक्या पेन्साकोला ज्या जिल्ह्यात आहे तिथे. आपापल्या पंखांवर आल्या होत्या, विद्यापीठाचा काही संबंध नव्हता. गाड्यांचा धूर आणि तापलेला रस्ता यांची त्यांना ओढ असते. म्हणून आजूबाजूला एवढं रान पडलेलं असताना त्या नेमक्या हायवेवर येऊन मरतात. उडतात त्या ऊन चढल्यावर, रात्री नाही. रात्री प्रवास करावा, हे तिकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आम्ही सकाळी दहाच्या पुढे निघालो, कारण चिरंजीवांचा दुसरा चहा.

साध्या मोटारीचं नाक उतरतं असतं, आरव्हीचं कपाळ सरळ उभं. लुइझियाना संपेपर्यंत त्या कपाळाचा मूळ रंग सांगणं कठीण झालं होतं. वायपर चालवला की काचेवर लोण्याचा थर. मुक्कामाला पोचल्यावर मी म्हटलं, आत्ताच धुऊन टाकू. उत्तर आलं, "उद्या बघू." आता यातली गंमत अशी की माशी चिरडते तेव्हा तिचा रस जवळजवळ निरुपद्रवी असतो. पण एक दिवस उन्हात राहिला की आंबतो, त्याचा पीएच सव्वाचारपर्यंत उतरतो, आणि मग तो रंग खायला लागतो. म्हणजे "उद्या बघू" हे तुमच्या चिरंजीवांचं जे लाडकं वाक्य, त्याची नेमकी किंमत रसायनशास्त्राने काढून ठेवलेली आहे.

दुसऱ्या दिवशी तो पत्र्याची खरवडणी घेऊन शिडीवर चढला. मी खाली उतरवला. वाळलेलं काही खरवडायचं नसतं, भिजवायचं असतं. ज्या माणसाने आयुष्यात करपलेलं पातेलं घासलेलं नाही त्याला हे कोण सांगणार? मी जुने टॉवेल ओले करून गाडीच्या कपाळावर पसरले आणि सगळ्यांना जेवायला बसवलं. इथे कपडे वाळवायच्या यंत्रात टाकायला सुगंधी पातळ कागद मिळतात, ड्रायर शीट म्हणतात. ते पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवले की माश्या सुटून येतात. हा तोडगा शेजारच्या गाडीतल्या बाईंनी सांगितला. तोपर्यंत मिलिंद आमच्याकडे पाठ करून फोनवर याच विषयावरचे व्हिडिओ बघत होता. माश्या गेल्या. जिथे आदल्या दिवशीपासून होत्या तिथे बारीक फिके डाग राहिले. तुम्ही याल तेव्हा दाखवीन, उजव्या दिव्याच्या वर.

तर माश्यांचं हे असं. त्या निदान बाहेरून आलेल्या होत्या. खरी लढाई घरी परतल्यावर सुरू झाली, तुमच्या त्या ओघळांशी.

पहिली धुलाई जूनमध्ये, भर दुपारी. इथल्या जूनमध्ये दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसतो. एका टोकाला साबण लावून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाचा साबण वाळून पापडी झाली. त्यावर पाणी मारलं, तेही सुकलं आणि क्षारांचे ठिपके उठले. ओघळ होते तिथेच होते, आता त्यांना ठिपक्यांची सोबत मिळाली. त्यात साबण भांड्यांचा. ओट्यावरची हिरवी बाटली होती ती उचलून नेली होती. भांड्यांचा साबण तेलकटपणा काढतो आणि गाडीवर जे काही थोडंफार मेण उरलेलं असतं तेही काढतो, हे बाटलीवर लिहिलेलं नसतं. मलाही संध्याकाळी भांडी घासायला साबण उरला नाही तेव्हा हा प्रकार कळला.

रविवारी महाराष्ट्र मंडळातली मित्रमंडळी आली. ह्यूस्टन हे तेलाचं गाव, त्यामुळे आपल्यातले निम्मे लोक तेलात आणि उरलेले कॉम्प्युटरमध्ये. सगळे गाडीभोवती हाताची घडी घालून उभे राहिले. एकानेही फडक्याला हात लावला नाही, पण प्रत्येकाला काही ना काही ठाऊक होतं. कॉम्प्युटरवाले म्हणाले, आधी एका छोट्या भागावर चाचणी घे. तेलातले एक ज्येष्ठ म्हणाले, "त्यात काय, टर्पेंटाइनच्या जातीचं काहीतरी लाव, ओघळ म्हणजे शेवटी हायड्रोकार्बनच." लावलं. ओघळ थोडे फिकट झाले हे खरं आहे. चहाच्या तीन फेऱ्या झाल्या. ज्येष्ठ म्हणाले, "आता छतालाही हेच मार." नशिबाने तेवढ्यात पोहे झाले. तुमच्याच रेसिपीचे. त्या पोह्यांनी छत वाचवलं, कारण रबरी छताच्या क्लीनरच्या डब्यावर पुढे मी वाचलं ते असं की पेट्रोलियमपासून केलेला कुठलाही द्राव या रबराला लावू नये, ते फुगतं आणि सुटतं. संत्र्या-लिंबाच्या तेलाचे क्लीनरसुद्धा वर्ज्य. तेलाच्या गावात राहून आमच्या छताला तेलाचं वावडं आहे.

त्यानंतर पांढरा स्पंज आला. मेलामाइनचा असतो, भिंतींवरचे पेन्सिलीचे डाग काढतो, इथे घरोघरी असतो. जादूच वाटते. मिलिंदने दारापाशी एक ओघळ घासला आणि तो नाहीसा झाला. हाक मारून मला बोलावलं, मुलांना बोलावलं, फोटो काढला. तो फोटो तुम्हालाही आला असेल, "आई, बघ!" म्हणून. मी जवळ जाऊन तिरक्या उजेडात बघितलं. ओघळ गेला होता आणि तेवढ्या जागेची चमकही गेली होती. तो स्पंज मऊ लागतो, पण काम करतो ते अतिबारीक पॉलिश पेपरचं. अर्ध्या मिलिमीटरच्या थरावर पॉलिश पेपर! दारापाशी आता एक गोल, मंद, निस्तेज चकती आहे. ती का आहे ते आर्य येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगतो.

मग भाड्याने प्रेशर वॉशर आणला. बाबा, तुम्ही डेपोतले पाण्याचे फवारे बघितलेले आहेत. हा त्यातलाच, पण हातात धरायचा. तो हातात आला की पुरुषांचं काय होतं याचा अभ्यास व्हायला हवा. पहिली दहा मिनिटं मिलिंदने अंगणातली फरशी धुतली, नंतर कचऱ्याचा डबा, नंतर शेजाऱ्यांच्या अंगणाचा आपल्याकडचा भाग. मग गाडीकडे वळला. गाडीच्या अंगावर लाल-करड्या रंगाची लांबलचक लाट होती, स्टिकरची. उन्हाने तिच्या कडा आधीच कुरकुरीत झाल्या होत्या. फवाऱ्याने ती लाट मागच्या चाकापासून सोलत सोलत थेट खिडकीपर्यंत आणली. उरलेली हाताने ओढून काढावी लागली. काढल्यावर कळलं की स्टिकरखाली ऊन पोचलं नव्हतं, त्यामुळे तिथला रंग नवाकोरा. म्हणजे लाट गेली तरी लाट दिसतेच, फक्त आता ती पांढऱ्यावर जास्त पांढरी आहे. फ्रीजच्या मागे हवा खेळती राहायला बाहेरच्या बाजूला जाळी असते. तिच्यातूनही पाणी आत गेलं. फ्रीज त्या रात्री चालू होईना. जाळ्या, खिडक्यांच्या कडा, भरलेले सांधे, स्टिकर, यांच्याजवळ प्रेशर वॉशर न्यायचा नसतो. या चार गोष्टी वगळल्या तर आरव्हीवर उरतं काय, हा प्रश्न मी विचारला. उत्तर मिळालं नाही.

या सगळ्यात कॉलनीच्या असोसिएशनचं पत्र आलं. आपल्याकडे सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यात गाठून बोलतात, इथे फोटो काढून टपालाने पाठवतात. अंगणात आरव्ही अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त उभी करता येत नाही, असा नियम. फोटोत गाडी होती, गाडीवर शिडी होती आणि शिडीवर तुमचे चिरंजीव पाठमोरे होते. फोटो छान आला आहे, ठेवून दिला आहे. तेव्हापासून गाडी गावाबाहेर भाड्याच्या मोकळ्या जागेत असते आणि धुण्यापुरती घरी येते. माहेरवाशिणीचा थाट, पण काम सगळं आमच्याकडे.

आता तुमचा प्रश्न. जुलैत एका शनिवारी गाडी घरी आणली होती, भिंती धुऊन झाल्या होत्या. या खेपेस बऱ्याच स्वच्छ दिसत होत्या, आणि मिलिंद घडीची खुर्ची टाकून समोर बसून त्यांच्याकडे बघत होता. आणि पाऊस आला. ह्यूस्टनला पुण्याच्या दीडपटीहून जास्त पाऊस पडतो आणि तो चार महिन्यांत आटपत नाही, वर्षभर मनात येईल तेव्हा येतो. आम्ही पळत गॅरेजमध्ये आलो. ईरा मात्र छत्री घेऊन गाडीजवळच उभी राहिली आणि थोड्या वेळाने ओरडली, "आई, काळं पाणी वरून येतंय! आजीने विचारलं होतं ना, वर काय साठलंय?"

बघितलं तर खरंच. छताच्या कडेने बोटभर रुंदीची पन्हळ असते. ती कोपऱ्याशी आणि खिडक्यांच्या डोक्यावर भरून वाहत होती आणि नुकत्या धुतलेल्या भिंतीवरून मळकट पाणी सावकाश उतरत होतं. आपल्या सोसायटीच्या भिंतींवर पावसाळ्यानंतर गच्चीच्या कठड्यापासून काळे पट्टे उतरलेले दिसतात, अगदी तसंच. तुम्ही ते पंचवीस वर्षं बघत आलात आणि दर वर्षी रंगाऱ्याला सांगत आलात, आधी गच्ची धू, मग भिंत रंगव. तेच इथे. पुण्यात रंगारी ऐकत नाही, इथे मुलगा.

पाऊस थांबल्यावर मिलिंद मागच्या शिडीने वर गेला. तो वर गेला आणि कितीतरी वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "वैदेही, फोन दे." फोटो काढायला. वर ओकच्या झाडांचा वसंतातला पिवळा पराग थापला होता, त्यात कुजलेली पानं, एसीच्या सावलीत हिरवं शेवाळ, आणि ग्रॅकल नावाचे लांब शेपटीचे काळे पक्षी इथे असतात, त्यांचा सढळ हाताने केलेला दानधर्म. शिवाय ते रबर स्वतःच उन्हाने जुनं होताना पांढरी भुकटी सोडत असतं. प्रत्येक पाऊस हे सगळं थोडं थोडं कालवून पन्हळीत आणतो, पन्हळ भरली की भिंतीवर सोडतो, आणि दुसऱ्या दिवशीचं ऊन ते पक्कं भाजून काढतं. भिंत गुळगुळीत असती, वर मेण असतं, तर पाणी घसरून गेलं असतं. पण उन्हाने भुसभुशीत झालेल्या भिंतीवरचं उरलंसुरलं मेण चिरंजीवांनी भांड्यांच्या साबणाने आणि पांढऱ्या स्पंजाने आधीच उतरवून ठेवलं होतं. म्हणजे जितकं जास्त घासलं तितका पुढचा ओघळ जास्त घट्ट बसला. उन्हाळाभर तो स्वतःच्याच विरुद्ध काम करत होता आणि घाम दोन्ही बाजूंनी त्याचाच गळत होता. मला दया आली, खोटं कशाला सांगू. लिंबाचं सरबत करून दिलं.

नंतर काम सरळ झालं, त्यामुळे सांगण्यासारखं फारसं नाही. छत आधी. फळी टाकून, गुडघ्यांवर बसून, मऊ ब्रशने आणि रबराला चालणाऱ्या साबणाने. खाली मी पाइप घेऊन भिंतींवर सतत पाणी सोडत होते, म्हणजे वरून येणारा काला भिंतीवर वाळायला नको. पन्हळी बोटांनी साफ केल्या. मग पन्हळींच्या चारही टोकांना चार-पाच इंची प्लॅस्टिकच्या तोट्या बसवल्या. त्या पाणी भिंतीपासून लांब फेकतात. आई, ही तोटी दोन-चार डॉलरला मिळते. गॅरेजमध्ये अर्धवट संपलेल्या बाटल्यांची जी रांग आहे तिच्या किमतीत अख्ख्या महाराष्ट्र मंडळाला तोट्या वाटता आल्या असत्या.

आणि बाबा, सांधे. एसी, झरोके, मागची शिडी जिथे छताला जोडली आहे तिथे सगळीकडे पातळ ओतायचं आणि आपोआप सपाट होऊन घट्ट बसणारं सीलंट भरलेलं असतं. ते जुनं होऊन तीन ठिकाणी तडकलं होतं. एका झरोक्याशी तर चीर इतकी होती की नख आत जात होतं. अजून एक पावसाळी वर्ष गेलं असतं तर खालचा प्लायवूड कुजला असता, आणि तो कुजला की वरून काही दिसत नाही, एक दिवस पायच आत जातो. मळ काढायला वर गेलो म्हणून ते दिसलं. चिरा साफ करून नवीन सीलंट भरलं आहे. तुमचं नाव काढलं होतं तेव्हा. मी काढलं होतं.

भिंतींचं काम सप्टेंबरात, सावलीत, सकाळी. काळ्या ओघळांसाठी वेगळा फवारा मिळतो, तो मारून मिनिटभर थांबून पुसला की येतात निघून, जोर लावावा लागत नाही. मग रबिंग कंपाउंड, मग मेण. फिरता पॉलिशर विकत घेतला. तो दोन-दोन फुटांच्या चौकोनात चालवायचा असतो. गाडीच्या बाहेरच्या अंगाचं क्षेत्रफळ पाचशे चौरस फुटांच्या वर आहे, हिशेब बाबांनी करावा. गणपतीच्या आरतीला टाळ वाजवून हात थांबल्यावरही मिलिंदची बोटं थरथरत होती. मंडळात एका काकूंनी मला बाजूला घेऊन काळजीने विचारलं की त्याला काही होतंय का. मी म्हटलं, मेण लावतोय.

पण चमक आली आहे. आजोबांच्या अंगणात ओली असताना चमकत होती तशी आता कोरडी असताना चमकते. दारापाशीची चकती जराशी मिसळली, पूर्ण नाही. सोललेली लाट तशीच. परवा पाऊस झाला तर तोट्यांतून पाणी हातभर लांब पडलं, भिंत कोरडी. मिलिंदने तिथे उभं राहून पंधरा मिनिटं पाणी पडताना बघितलं. वर्षातून दोनदा पुन्हा मेण लावायचं म्हणे. कॅलेंडरवर त्याने लिहून ठेवलं आहे, त्याच्या अक्षरात, तुम्ही आल्यावर खात्री करून घ्या. ज्या मुलाने तुमच्या घरी स्वतःचा कप विसळला नाही, तो आता शेजाऱ्यांच्या गाड्यांकडे बघून "ऑक्सिडेशन" म्हणून मान हलवतो. स्वयंपाकघरातला कप अजून सिंकमध्येच ठेवतो, ते वेगळं.

डिसेंबरात बिग बेंडला जायचं ठरलं आहे. इथून हजारेक किलोमीटर, मेक्सिकोच्या सीमेवरचं वाळवंट. तिथली धूळ कोरडी आणि बारीक असते. ती फडक्याने पुसायची नाही, नाहीतर मेणावर ओरखडे पडतात. आधी पाण्याने वाहून जाऊ द्यायची. हे मी आत्ताच सांगते, कारण आई, तुमच्या हातात फडकं दिसलं की मिलिंदला काही बोलता येणार नाही आणि तो आतल्या आत झुरेल.

येताना भाजणी आणा, मेतकूट आणा, मुलांसाठी पुस्तकं आणा. जुने सुती पंचे आणू नका, इथे मायक्रोफायबरचे ढीग आहेत, एक खोली भरून. बाबांनी वर्कशॉपमधली त्यांची जुनी हातोडी आणायची म्हटलं होतं, ती विमानात हातातल्या सामानात चालणार नाही आणि रबरी छताला तर मुळीच चालणार नाही. आणि आई, हे वाक्य बाबांना मोठ्याने वाचून दाखवा: सत्तरी ओलांडलेल्या माणसाला मागच्या शिडीवर पाय ठेवायला मिळणार नाही. सांधे बघायचे असतील तर मी सगळ्यांचे जवळून फोटो काढून ठेवले आहेत, नंबर घालून. एसीच्या मागचा सातवा फोटो जरा धूसर आहे. त्यावर बाबांचं काय म्हणणं पडेल ते मला ठाऊक आहे, म्हणून मिलिंदला पुढच्या शनिवारी परत वर पाठवते आहे.

मुलांचा दोघांना नमस्कार.

तुमची,
वैदेही